कळतं, पण त्या क्षणी वळत नाही

खानापूर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न, थोडक्यात: मुलगा पंधरा वर्षांचा, मराठी शाळेत दहावीला. सातवीपर्यंत शाळेतून आला की सगळं सांगायचा, आता काही विचारलं की दार आपटतो. रात्री एक वाजेपर्यंत जागा असतो आणि सकाळी सहाच्या ट्यूशनला उठवताना रोज भांडण होतं. मागच्या आठवड्यात बाबांची गाडी काढून तिघं मित्र भर पावसात चोर्ला घाटात जाऊन आले. "का गेलास?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "काय की." सासूबाई म्हणतात लाड नडले, त्याचे बाबा म्हणतात मोबाइल नडला. मला मात्र भीती वाटते, याच्या डोक्यातच काही बिघाड नाही ना?

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यात मला बिघाड दिसत नाही. काळजी केव्हा करायची तेही पुढे लिहिते. पण आधी त्या "काय की" बद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला तोच वाटला.

गेली बावीस वर्षं मी बेळगावात या वयाच्या मुलामुलींना तपासते, त्यांच्याशी बोलते. "असं का केलंस?" या प्रश्नाला "काय की" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मला राग येत नाही, उलट विश्वास बसतो. मोठ्यांना तो उद्धटपणा वाटतो. बहुतेक वेळा ते प्रामाणिक उत्तर असतं. त्या क्षणी आपण तसं का वागलो, हे त्याला खरंच सांगता येत नाही.

हे मला उशिरा उमगलं. सुरुवातीची कित्येक वर्षं मी शाळांमध्ये जाऊन हेल्मेट, वेग, अपघात यांवर व्याख्यानं द्यायची. एका शाळेत पहिल्या बाकावरच्या एका मुलानं माझ्या प्रत्येक प्रश्नाचं बिनचूक उत्तर दिलं. ओल्या रस्त्यावर ब्रेक का लागत नाही हेसुद्धा त्यानं फळ्यावर आकृती काढून दाखवलं. दीड महिन्यानं तोच मुलगा मांडीपर्यंत प्लास्टर घालून समोर बसलेला. मागे दोन मित्र होते, शेजारून दुसरी गाडी गेली, तिच्यावरची पोरं यांच्याकडे बघून हसली, आणि यानं ॲक्सिलरेटर पिळला. विचारलं तर तेच उत्तर. त्या मुलाकडे माहितीची कमतरता नव्हती, मी मात्र इतकी वर्षं माहितीच वाटत फिरत होते. 'कळतं पण वळत नाही' हे आपण मुलांना टोमणा म्हणून ऐकवतो. या वयात मेंदूची खरोखरच तशी अवस्था असते.

मेंदूचा आकार सहाव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. त्यामुळे बरीच वर्षं डॉक्टरही समजायचे की लहानपणीच काम आटोपलं, पुढचा सगळा खेळ हार्मोन्सचा. मग १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. जे गीड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा एमआरआय काढले. १९९९ साली त्यांनी ते निष्कर्ष छापले, आणि चित्र बदललं. कपाळामागच्या भागातला करडा थर मुलींमध्ये अकराव्या, मुलांमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जाड होतो आणि तिथून पुढे पातळ व्हायला लागतो.

पातळ होतो म्हटल्यावर घाबरू नका. तुमच्याकडे शेती असेल तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ज्वारी दाट उगवली की आपण विरळणी करतो. मधली रोपं उपटतो म्हणून राहिलेली ताटं जोमानं वाढतात. मेंदूतही पेशींमधले जोड आधी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. जे वापरात राहतात ते टिकतात, जे वापरले जात नाहीत ते झडतात. आणि जे टिकतात त्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढत जातं, त्यामुळे निरोप कितीतरी पटीनं वेगानं जातो. पाणंदीच्या चिखलाच्या वाटेवर डांबर पडावं तसं हे आहे. फक्त हे डांबरीकरण साधारणपणे मागच्या बाजूनं सुरू होऊन पुढे सरकतं. बघणं, हालचाल, शरीराचा तोल ही कामं आधी पक्की होतात. थांबणं, परिणामांचा अंदाज घेणं, दोन गोष्टी तोलून एक निवडणं ही कामं ज्या भागाची, तो कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी. ते काम विशीत बरंच पुढेपर्यंत चालू राहतं. 'पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदू पूर्ण होतो' असं हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतं, ते मात्र खरं धरू नका. असा काही ठरलेला दिवस नसतो.

पण नुसतं हे सांगून भागत नाही. पुढचा भाग कच्चा असणं एवढंच कारण असतं, तर दहा वर्षांची मुलं पंधरा वर्षांच्यांपेक्षा जास्त धोका पत्करताना दिसली असती. तसं होत नाही. वयात येताना मेंदूच्या आतल्या भागात, जिथे आनंद, हुरूप, बक्षिसाची ओढ तयार होते तिथे, डोपामाइन या रसायनाची यंत्रणा फार तीव्र झालेली असते. त्याच गाण्यानं, त्याच शर्यतीनं, मित्राच्या त्याच शाबासकीनं या वयात जेवढं उचंबळून येतं तेवढं ना आधी येतं, ना नंतर. म्हणजे ओढ ऐन भरात आणि आवर घालणारा भाग अजून बांधकामात.

यावरचा एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी तो २००५ साली छापला. संगणकावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की रेटायचं ते ठरवायचं, असा खेळ. एकटं बसवलं तेव्हा तेरा ते सोळा वर्षांची मुलं आणि चोविशीच्या पुढची माणसं जवळपास सारखीच खेळली. मग शेजारी मित्र बसवले. मोठ्यांच्या खेळात फरक पडला नाही. मुलांनी घेतलेला धोका साधारण दुपटीवर गेला. नंतर २०११ मध्ये असाच खेळ एमआरआय यंत्रात खेळायला दिला, मित्र दुसऱ्या खोलीतून नुसते बघत होते. तेवढ्यानंही मुलांच्या मेंदूतला तो बक्षिसाचा भाग जास्त जागा झाला.

आता तुमचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. बाबा कामावर गेलेत आणि एकटाच घरी आहे, तर तो चोर्ल्याला जाईल? मला नाही वाटत. तिघं जमले, एक म्हणाला "चल की रे", दुसरा म्हणाला "ह्याला घरचे सोडत नाहीत", आणि किल्ली हातात आली. पाऊस, घाटातली वळणं, लायसन्स नाही, हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत असलेलं कामाला लागेपर्यंत गाडी जांबोटीच्या पुढे गेलेली होती.

म्हणून धोका समजावून सांगण्यात तुमची शक्ती घालवू नका. भारतासह अकरा देशांतल्या दहा ते तीस वर्षांच्या पाच हजारांहून जास्त जणांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. शांत बसून विचार करायची क्षमता सोळाच्या सुमाराला मोठ्यांइतकी होते, पण भावनेच्या भरात स्वतःला आवरण्याची क्षमता अठराच्याही पुढे वाढत राहते, असं त्यात दिसलं. तुमचा मुलगा शांत असतो तेव्हा हुशारच आहे. तेव्हा सगळे निर्णय त्या शांत वेळेत करून ठेवा, त्याला बरोबर घेऊन. ऐन वेळेला त्यानं मित्रांसमोर डोकं चालवावं ही अपेक्षा नको.

गाडीचंच बघा. किल्ली खुंटीला टांगायची नाही, बाबांच्या खिशात. हा अविश्वास नाही, हे त्याला मोकळेपणानं सांगा: "तू वाईट नाहीस, पण तिघं जमलात की किल्ली समोर नको." कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे त्याच्या बाबांनी वाचलेलं बरं. मुलाला शिक्षेची भीती घालण्यासाठी नको, बाबांनी किल्ली जपावी म्हणून.

आणि त्याला मित्रांसमोर मान राखून माघार घेता येईल अशी एक सबब द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका घरात ठरलंय, मुलानं "औषध घेतलंस का?" एवढाच मेसेज आईला पाठवायचा. तो आला की आई लगेच फोन करून जोरात ओरडते, "आत्ताच्या आत्ता घरी ये!" पोरगं मित्रांना म्हणतं, "आमची आई लई कटकट करते ओ," आणि सुटतं. त्या माउलीला चारचौघांत वाईट ठरायला काहीच वाटत नाही.

आईच्या असण्याला किती वजन आहे यावरही काम झालंय. २०१५ साली आलेल्या एका अभ्यासात तसाच गाडीचा खेळ आई शेजारी असताना खेळायला लावला, तर चौदा वर्षांच्या मुलांनी एकटं असतानापेक्षाही कमी धोके घेतले. तुम्हाला वाटतं तो तुमचं ऐकत नाही. दार आपटतो म्हणजे ऐकू येतच नाही असं नसतं.

मात्र बोलण्याची मात्रा फार जपा. मुलांना स्वतःच्या आईच्या आवाजातली टीका ऐकवली, फक्त तीस सेकंद, आणि त्याच वेळी मेंदू पाहिला, असाही एक अभ्यास आहे. भावनेचे भाग पेटले, आणि आवर घालणारा, समोरच्याचं मन समजून घेणारा भाग मंदावला. आपली बोलणी तीस सेकंदांत कुठे संपतात? पहिल्या मिनिटानंतर तुम्ही जे बोलता त्यातलं त्याच्यापर्यंत किती पोहोचत असेल याचा विचार करा. आणखी एक. भीतीचा चेहरा बघून या वयातली मुलं तो राग म्हणून वाचतात, असं एका जुन्या प्रयोगात दिसलं होतं. प्रयोग लहान होता, त्यावर मी फार इमले बांधत नाही, पण दवाखान्यात हे रोज दिसतं. आई काळजीनं पांढरीफटक झालेली असते आणि मुलगा म्हणतो, "ही नेहमी चिडलेलीच असते." म्हणून भावना शब्दांत सांगा. "मी रागावलेली नाही, मला भीती वाटली होती." एवढं एक वाक्य.

कधी बोलायचं? दारातून आत आल्या आल्या नको. शेंगा फोडत बसलाय, बेळगावच्या बसमध्ये शेजारी बसलाय, तुमच्याबरोबर कपडे वाळत घालतोय, अशा वेळी. समोरासमोर नजर नसली की ही मुलं बोलतात.

झोपेबद्दल तुम्ही दोघं त्याच्यावर अन्याय करताय, हे मला स्पष्ट सांगायचंय. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, दोन तासांपर्यंतही उशीर होतो. दहाला अंथरुणावर पडून डोळे टक्क उघडे, हा आळस किंवा हट्ट नाही. मोबाइलचा उजेड त्यात भर घालतो, हे बाबांचं म्हणणं खरं, पण मूळ कारण तेवढंच नाही. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. तुमचा मुलगा एकला झोपतो आणि साडेपाचला उठवला जातो. साडेचार तास. त्यानंतर ट्यूशन, शाळा, परत क्लास. झोप तुटली की सगळ्यात आधी थकतो तो हाच कपाळामागचा भाग. म्हणजे तुम्ही ज्या वागण्याची तक्रार करताय त्यातलं बरंचसं त्या साडेचार तासांतून येतंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका अशी शिफारस केली, आणि आपण दहावीच्या पोरांना अंधारात सायकलवर ट्यूशनला धाडतो. मला याचं फार वाईट वाटतं. ती सहाची ट्यूशन बंद करून संध्याकाळची मिळते का बघा. मोबाइल रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचाच, बाबांचाही. रविवारी उठायला तास-दीड तास जास्त द्या, दुपारपर्यंत मात्र नको, नाहीतर घड्याळ आणखी सरकतं.

पुढच्या वर्षाचंही आत्ताच बोलून ठेवते, कारण आपल्या सीमाभागात ही गोष्ट दरवर्षी घडते. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी करायची, आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स घेतलं की एकदम सगळं इंग्रजीत, वर्गात आजूबाजूला कन्नड. दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालेलं पोर वर्गात गप्प होतं. हे नेमकं त्या वयात घडतं जेव्हा चार जणांसमोर चुकणं मेंदूला जास्तीत जास्त झोंबतं. मी अशा मुलांना विचारते, "समजलं नाही तर हात का वर करत नाहीस?" ते म्हणतात, "हसतात ओ मॅडम." मग मागचा बाक, मग दांड्या, आणि घरचे म्हणतात कॉलेजचं वारं लागलं. मुलाला सायन्सला घालणार असाल तर परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत विज्ञान-गणिताचे इंग्रजी शब्द रोज थोडे करून घ्या, घरी, कोणी हसणार नाही अशा ठिकाणी. आणि पहिल्या सहा महिन्यांतल्या मार्कांवरून त्याला बोलू नका.

आता त्याच मेंदूची दुसरी बाजू, कारण तुमच्या पत्रात ती कुठेच दिसली नाही. मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीत चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी किल्ला केला. त्यांतला एकजण माझ्याच दवाखान्यात यायचा, शाळेची तक्रार 'लक्ष नाही, दहा मिनिटं बसत नाही'. मी रात्री साडेनऊला परत येताना बघितलं, तो उकिडवा बसून चाळणीनं लाल माती चाळत होता. बुरुजाला तडा गेला होता म्हणून गोणपाट भिजवून त्यावर पुन्हा लिंपण चाललेलं. उतारावर अळीव कधी पेरायचे म्हणजे पाडव्याला बरोबर हिरवे होतील याचा हिशोब त्यानं आठवडाभर आधी वहीत मांडला होता, दगड कुठून आणायचे, कोण किती वर्गणी देणार, सगळं. रोज चार-चार तास. हा तोच मुलगा, तोच मेंदू. मित्र शेजारी आहेत, लोक बघायला येणार आहेत, हाताला काम आहे, दिसेल असं काहीतरी उभं राहतंय. जी ओढ घाटात गाडी पळवते तीच ओढ इथे नियोजन शिकवत होती. जे जोड वापरले जातात ते टिकतात असं मी वर लिहिलं, ते हेच. शिवजयंतीच्या चित्ररथासाठी महिनाभर लेझीमचा सराव करणारी, कबड्डीच्या मैदानावर घाम गाळणारी पोरं मी बघते तेव्हा मला वाटतं, दहावी आहे म्हणून आपण पहिल्यांदा हेच बंद करतो आणि उरतो तो फक्त मोबाइल. तुमच्या मुलाचं असं काय होतं, जे या वर्षी बंद केलंत? ते आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी परत सुरू करा.

तंबाखूचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, तरी निपाणी-चिकोडीपासून खानापुरापर्यंत मी जे बघते त्यामुळे लिहिते. वाढत्या मेंदूत निकोटिन फार लवकर मुळं धरतं आणि याच वयात लागलेली सवय सोडवायला सगळ्यात अवघड जाते. खिसे तपासू नका, सरळ विचारा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. तुमच्या शाळेसमोरच्या टपरीवर पुड्या लटकत असतील तर चार पालक मिळून मुख्याध्यापकांकडे जा.

आता काळजीचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास किंवा सतत चिडलेला, मित्रांनाही टाळायला लागला, जेवण तुटलं, आवडीचा खेळ सोडला, कोणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणाला, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, "मी नसतो तर बरं" असं काही बोलला, यातलं एकही असेल तर 'वयच असं आहे' म्हणून सोडू नका. आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं ते डोक्यात येत नाहीत, उलट सांगायला वाट मिळते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. जवळ म्हणाल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, खानापुराहून रेल्वेनं जाता येतं. तिथे गेलात तर सासूबाई, मामा, काका असं सगळं घर आत नेऊ नका. तुम्ही दोघं जा, आणि डॉक्टरांना पहिली पंधरा मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या.